बोरस्ते अप्पांच्या वहाणा

मी सायखेड्याची. गोवरात डोळे गेले तेव्हा तीन वर्षांची होते, म्हणजे गेलं काय ते मला ठाऊकच नाय, त्यामुळं रडायचं काम आईकडं. नाशकात अंधशाळेत बोटांनी वाचायला शिकले, पुढं कॉलेजात ब्रेलमधलं एक पुस्तक नाय, मैत्रीण वाचायची आन् मी पाठ करायची. नोकरीच्या मुलाखतीत काय येतं ते कुणी विचारायचं नाय, बाई तुम्ही जिना कसा चढणार, एवढंच. कितीतरी हापिसांचे जिने चढून दाखवले.

नव्वदच्या पुढं कधीतरी पंचवटीत एका हापिसात टेलिफोनवर लागले. वर्षभर कच्ची नोकरी. साहेब म्हणाले, तक्रार आली नाय तर कायम करू. आन् काय सांगू तुम्हाला, मी कसली शहाणी. माझा टेलिफोनचा बोर्ड दाराशीच. माणसानं तोंड उघडायच्या आत पावलांवरून ओळखायची, नावानिशी नमस्कार करायची. लोक वा म्हणायचे, मी भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगायची.

हेडक्लार्क बोरस्ते अप्पांची पावलं लय सोपी. उजवी वहाण टक्, डावी घासत. अप्पा अचानक गेले, मीही त्यांच्या घरी दारावर जाऊन भेटून आले. पंधरा दिवस झाले असतील, भर दुपारी, टक्, घासत, टक्, घासत. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, या अप्पा.

सगळे टाइपरायटर थांबले. पावलंही थांबली, माझ्यापुढं हातभर. श्वास ऐकू येत होता.

मग एक परका आवाज म्हणाला, मी गंगेवरचा गुरुजी, दाखल्यासाठी आलोय. तेराव्याला छत्री आन् वहाणा दान देतात, नव्या देतात. पण अप्पांच्या बायकोला वाटलं, यांना नव्या चावायच्या, म्हणून तिनं मला त्यांच्याच देऊन टाकल्या.

लोक हसले, पण जरा उशिरानं. संध्याकाळच्या आत साहेबांकडं तक्रार गेली, या बाईकडं मेलेली माणसं येतात, ही दाराशी नको. वर्ष भरायला दोन महिने राहिलेले. दुसऱ्या दिवशी गुरुजींना गाठलं, म्हटलं, साहेबांपुढं चालून दाखवा, माझी भाकरी जाते.

गुरुजी चालले. टक्, घासत. वहाणा काढून अनवाणी चालले, दोन्ही पावलं सारखी, मऊ. पुन्हा घातल्या, पुन्हा घासत. हळूच म्हणाले, साहेब, माझा पाय धड आहे, पण या घातल्या की डावा उचलतच नाय. साहेबांची खुर्ची मागं सरकली. मग बारीक आवाजात म्हणाले, बाई, तुम्हाला कायम केलं, जा. गुरुजी अनवाणीच गेले. वहाणा तिथंच राहिल्या, पुढं गंगेत सोडल्या म्हणे, कुणी ते सांगितलं नाय.

कायम झाले ती निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीत, पण पुन्हा कुणाला आधी हाक मारली नाय. आता नात दारात उभी राहून म्हणते, आजी, ओळख. मी म्हणते, आधी बोल. कधीकधी पावलं दारात येऊन थांबतात, पण कुणी बोलत नाय. मग मीपण नाय. थोडा वेळ उभं राहतात, मी बसा म्हणत नाय. जे कोण असाल ते सुखी ऱ्हावा, एवढं मनात म्हणते आन् शेंगा सोलत बसते.