आठ फुटी कॅम्पर

जुन्नरच्या स्टँडवर एसटीचा पत्ता नव्हता, म्हणून झमकूबाईंनी आपले कान मागच्या बाकावरच्या घाटघरकर दोघांकडं लावले.

"जीपमागं ओढायचा कॅम्पर बनवतोय, भाऊ, चाकांवरची झोपायची खोली. पर्यटक शेतात झोपत्याल."

"रुंदी किती धरली?"

"आठ फूट."

"संपत, तुझ्या शेताची वाट सातच फूट हाय."

"धा फूट व्हती. शेजारच्या भरतदादानं बांध कोरून सातवर आणली."

"मग सहा फुटी बनव की. आत तरी जाईल."

"आत नेऊन काय करू? आठ फुटी त्या वाटेत दादाच्या दारात अडकला, की सरकारी मोजणीवाले वाट मोजायला पळत येत्याल."

"आन् पर्यटक?"

"त्ये तिथंच झोपत्याल. जाहिरात दिलीय ना, गावाकडची शांतता अनुभवा."