रोज एक पाइप

...आणि वर म्हणतात काय, तर ‘दोन मिनिटांचं काम!’ अहो, कुणाचं दोन मिनिटांचं काम? आमचे साहेब खुर्चीतून उठून पाण्याच्या बाटलीपर्यंत जायला पाच मिनिटं घेतात, वाटेत दोघांना झापतात, एकाची रजा नाकारतात, आणि मला मात्र लांबूनच ओरडून सांगतात, ‘अरे, खरा पाइप काढायला सांगतोय का मी? मॉडेलमधला आहे! क्लिक कर, डिलीट दाब, दोन मिनिटांचं काम!’ आता तुम्हाला सांगतो, काम तसं दोन मिनिटांचंच आहे, खोटं कशाला बोलू... पण त्यापायी माझ्या घरी काय झालं ते ऐका आणि मग मोजा मिनिटं.

तर मी काय करतो, कारखान्यांची मॉडेलं करतो. हातात धरायची नव्हेत हो, कॉम्प्युटरमधली! अख्खा कारखाना आत असतो, पंप, टाक्या, जिने, कठडे, पाइप, पाइपांवरचे व्हॉल्व, व्हॉल्वचे नटबोल्टसुद्धा, आणि बाणाची बटणं दाबत दाबत आपण आतून हिंडायचं, मुलं गेम खेळतात ना, तस्सं, फक्त इथं कुणी मरत नाही आणि कुणी जिंकतही नाही. जुन्या कारखान्यात काही नवीन बसवायचं असलं की आधी मॉडेलमधले जुने पाइप काढायचे, नवे टाकायचे, कशाला धडकत नाहीत ना ते बघायचं, आणि मग खरी माणसं जाऊन खरे पाइप कापणार. आणि यंदा आमच्या ऑफिसला काम मिळालं कुठलं? कागद कारखान्याचं जुनं बॉयलर हाऊस! जिथं माझ्या बाबांनी फिटर म्हणून चौतीस वर्षं काढली! मी उड्या मारत घरी आलो, म्हटलं, ‘बाबा, तुमच्या बॉयलर हाऊसचं काम आलंय माझ्याकडे!’ तर बाबा म्हणाले, ‘हो का? छान, छान. आपण कोण?’

हसू नका... बरं, हसा, सुरुवातीला मीही हसायचो. दोन वर्षं झाली याला. आधी चष्मा हरवला, मग तो फ्रिजमध्ये सापडला, मग घरातलं बाथरूम सापडेना, आणि मग एके दिवशी सकाळी मला अहोजाहो करायला लागले. बापानं! ज्या माणसानं मला ‘गाढवा’शिवाय कधी हाक मारली नाही, तो म्हणतो, ‘बसा ना, उभे का तुम्ही?’ तुम्हाला सांगतो, ज्यानं बापाच्या शिव्या खाल्ल्यात ना, त्यालाच कळेल, त्या ‘बसा ना’पेक्षा ‘गाढवा’ किती गोड ते. माझ्या बायकोला ते कारखान्याच्या दवाखान्यातली सिस्टर समजतात, त्यामुळे तिचं ऐकतात तरी. मी त्यांच्या लेखी कंत्राटदाराचा माणूस. आणि फिटर लोकांचं कंत्राटदाराच्या माणसांबद्दल काय मत असतं ते मी इथं चारचौघांत सांगू शकत नाही.

तर एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले आणि एकदम ओरडले, ‘वाका!’ मी म्हटलं, का? ‘वाका म्हणतो ना! वाफेची लाइन आहे, टाळकं फुटेल!’ मी बाण दाबला, तर खरंच की हो, जिन्याच्या तोंडाशी कपाळाच्या उंचीवर आडवी लाइन! आणि बाबा तिथं माझ्या खुर्चीमागे, घरात, मान खाली घालून वाकले, आणि लाइन मागे पडली तसे सरळ झाले! मग काय विचारता! ‘डावीकडे घ्या. हा दोन नंबरचा पंप, हा रडका, सारखा गळतो. आता वर चला. तो व्हॉल्व उलटा बसलाय, लंबूनं बसवला, मी सांगत होतो, ऐकेल तर शपथ!’ ज्या माणसाला घरात स्वयंपाकघर सापडत नाही, तो बॉयलर हाऊसमध्ये डोळे मिटून चालत होता! बायको हातातलं पातेलं तसंच धरून बघत राहिली. मी रडलो. सरळ रडलो, त्यात लाज कसली?

झालं! रोज संध्याकाळी साडेसहाला बाबा तयार. पायात बूट, शर्ट खोचलेला, भांग पाडलेला. ‘काय हो, आज उशीर केलात!’ मला! ऑफिसात दिवसभर तोच कारखाना, घरी आलो की पुन्हा तोच, पण तुम्हाला सांगतो, दिवसातला तेवढा अर्धा तास माझा बाप मला परत मिळायचा. एकदाच गाडी अडली. चालता चालता थांबले आणि म्हणाले, ‘माणसं कुठं गेली सगळी? संप आहे का?’ आता काय सांगू? आमच्या मॉडेलमध्ये माणसांचे पुतळे टाकता येतात, व्हॉल्वपर्यंत हात पोचतो का ते बघायला. मी दुसऱ्या दिवशी गपचूप सात पुतळे टाकले. एक जिन्यावर, दोन पंपापाशी, एक जरा ताणून उंच केला, तो लंबू, आणि तिघांना बॉयलरमागे उबेला स्टुलांवर बसवून दिलं. बाबा खूश! ‘बसलेत बघा, कामचोर!’

इथपर्यंत ठीक होतं. मग मीटिंग आली. कागद कारखान्याची बडी मंडळी समोर, भिंतीएवढा पडदा, साहेब ऐटीत मॉडेल फिरवतायत, आणि बॉयलरमागे वळले तर तिघं स्टुलांवर! ‘हे कोण?’ मी म्हटलं, ‘मेंटेनन्स स्टाफ, सर.’ ‘मग बसलेत का?’ ‘...चहाची सुट्टी आहे, सर.’ एक बाई फिस्सकन हसल्या. साहेब नाही हसले. बाहेर आल्यावर मला कोपऱ्यात घेतलं. ‘ती माणसं आत्ताच्या आत्ता काढ, आणि जुने पाइप तीन आठवडे झाले तसेच आहेत, ते महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत साफ! कसली वाट बघतोयस? दोन मिनिटांचं काम!’ मी म्हटलं, सर, जुन्या मॉडेलची एक कॉपी मला घरी ठेवता येईल का, घरगुती कारण आहे... ‘घरगुती? बॉयलर हाऊस? अरे, गिऱ्हाइकाचा माल आहे तो! नोकरी करायचीय ना?’ करायचीय. औषधं कोण आणणार? आणि आमच्याकडे लॅपटॉपवर उघडलं की त्या दिवसाचं ताजं मॉडेलच उघडतं, कालचं मागायची सोय नाही. माणसं त्याच दिवशी काढली, बाबांना सांगितलं, पाळी सुटली.

आणि इथं मी शहाणपणा केला. म्हटलं, एकदम काढले तर बाबांना धक्का बसेल. त्यांच्या वाटेवरचा रोज एक पाइप काढू! हळूहळू सवय होईल, कळणारसुद्धा नाही. पंधरा वर्षं पाइप काढण्यात आणि घालण्यात गेली ना, त्यामुळे मला वाटतं, सगळं जग असंच वाकवता येतं, थोडं थोडं, कुठं न धडकता.

पहिल्या दिवशी कोपऱ्यातली एक बारकी नळी काढली. कळलं नाही! दुसऱ्या दिवशी दुसरी. नाही कळलं! तिसऱ्या दिवशी हिय्या करून जिन्यावरची ती वाफेची लाइन काढली. बाबा आले आणि लाइन नसलेल्या जागी व्यवस्थित वाकून गेले! मी बायकोला खूण केली, बघ, जमतंय... आणि बाबा थांबले. मागे वळून बघितलं. ‘इथं लाइन होती.’ ‘होती ना हो?’ मी पुढचा बाण दाबला. मग कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘नसेल. माझंच चुकत असेल.’

माझंच चुकत असेल! अहो, माझ्या बाबांनी जन्मात कधी हे वाक्य उच्चारलं नव्हतं! आईशी भांडताना नाही, साहेबाशी नाही, डॉक्टरशी नाही! त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं की नाही? की बाबा, होती लाइन, मी काढली, तुमचं बरोबर आहे! पण मी दुसऱ्या दिवशी आणखी एक काढला. आणि तिसऱ्या दिवशी आणखी एक. साहेबांचा रोज फोन, ‘झालं का रे? दोन मिनिटांचं काम!’ आणि घरी रोज संध्याकाळी बाबा जरा जास्त हळू चालायचे. आधी ‘डावीकडे घ्या’ बंद झालं. मग ‘डावीकडे का हो?’ असं मला विचारायला लागले. मग खुर्चीची पाठ धरून नुसते उभे. एका संध्याकाळी तर बूट काढून बाजूला ठेवले आणि म्हणाले, ‘आज राहू दे, मला काही आठवत नाही.’ बायको त्या दिवशी मला म्हणाली, ‘एकदम काढले असतेस तर ते एकदाच हरवले असते. तू त्यांना रोज थोडं थोडं खोटं पाडलंस.’

शुक्रवारी उरलेलं सगळं एकदम निवडलं. पडद्यावर चौकट आली, ‘११२६ वस्तू कायमच्या काढायच्या? हो. नाही.’ मी आधी माउस त्या ‘नाही’वर नेला. मग ‘हो’ दाबलं. दोन मिनिटं? अकरा सेकंद लागले, मी मोजले!

घरी आलो तर बाबा दारात, पायात बूट! म्हटलं, आज नको. ‘का नको? कंत्राट घेतलंय ना तुम्ही?’ उघडलं. सगळं नवं, चकचकीत, हिरवेगार पाइप सरळ रेषेत, जुनी एक नळी नाही. बाबा कुठंच वाकले नाहीत. पडद्यावर बोट ठेवून विचारलं, ‘हे काम कुणाचं?’ म्हटलं, ‘माझं.’ ‘तुमचं? हा व्हॉल्व एवढ्या वर कशाला? फिरवायला शिडी आणायची का? आणि या लांब पाइपाला मध्ये आधार कुठाय, लोंबेल ना तो!’ आणि बरोबर होतं हो त्यांचं! दोन्ही चुका माझ्याच! मी माझ्या वहीत लिहून घेतल्या, तर त्यांना माझी दया आली असावी, खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाले, ‘मनावर घेऊ नका, शिकाल. माझा मुलगा हेच काम करतो, कॉम्प्युटरवर. फार हुशार आहे. त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही मी, उगाच चढून बसेल... पण हात आहे पोराला. कुठं भेटला तर हे दाखवा त्याला, तो नीट करून देईल. आणि सांगा, घरी ये म्हणावं एकदा. बरेच दिवस झाले, दिसला नाही.’

मी म्हटलं, ‘सांगतो. भेटला की नक्की सांगतो, बाबा.’

तर झटकन हात काढून घेतला खांद्यावरचा. ‘बाबा कुणाला म्हणता हो? कंत्राटदाराच्या माणसानं फिटरसाहेब म्हणायचं!’

म्हटलं, ‘चुकलं, फिटरसाहेब.’