आत्याची बोटं आणि माझी पैज

नाही, तुम्ही आधी हसून घ्या, मग सांगतो! चुलतभाऊ म्हणाला, "आत्याला लॅपटॉपऐवजी टॅब्लेट घ्यायला लावून दाखव, आहे हिंमत?" आणि मी शहाण्यांचा शिरोमणी, म्हणालो, "लाव पैज!" झालं! पैज म्हणजे पैज!

आता आमची आत्या कोण? टायपिस्ट! वकिलाचे कागद घरी आणून टाइप करते. अर्धा जन्म टाइपरायटरवर गेला, मग घरचा जुना कम्प्युटर, तोही मध्यंतरी धूर काढून गेला. तर मला विचारते, "बाळा, घरात तुलाच यातलं कळतं, काय घेऊ रे?" मला! नववीत दोनदा बसलेल्याला! तिथंच खरं सांगायचं की नाही? पण पैज म्हणजे पैज... सुटलो मी! "आत्या, लॅपटॉप म्हणजे नुसतं ओझं! टॅब्लेट बघ, पाटीएवढा, मांडीवर घे नि बस कुठंही!" दुकानदार बिचारा म्हणतोय, "ताई, टायपिंगच करायचं तर निदान वेगळा कीबोर्ड तरी घ्या," तर मी म्हणतो, "छे हो, कीबोर्ड म्हाताऱ्यांना लागतो!"

घेतला टॅब्लेट. आणि तुम्हाला सांगतो, ही बाई त्या काचेवर टाइपरायटरसारखी बडवायला लागली की हो! ठकठकठक... टॅब्लेट पुढं, आत्या मागं! एका ओळीत दहा चुका! भाऊ दाराआड तोंडात रुमाल कोंबून लोळतोय. मीपण हसलो. हसलो हो, खोटं कशाला बोलू? पैज म्हणजे...

जाऊ दे. चार दिवसांनी बघतो तर आत्या बोटांना तेल चोळत बसलीये. म्हणाली, "तू म्हणालास तेच खरं रे. म्हातारी झाली बोटं." आणि लावला की फोन वकिलाला! "साहेब, कागद दुसऱ्या कुणाला तरी द्या, माझ्याच्यानं आता..."

मेल्याहून मेल्यासारखं झालं! फोन हिसकावला नि ओरडलो, "साहेब, थांबा! आत्या, तुझी बोटं चांगली आहेत गं, मीच नालायक आहे! पैज लावली होती मी!"

आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला, "साहेब, कागद राहू द्या माझ्याकडेच," म्हणाली नि ठेवून दिला. मग म्हणाली, "हात दाखव." म्हटलं, आली छडी! तर माझी बोटं उलटीपालटी करून बघितली, म्हणाली, "तरुण दिसतायत. बस खाली."

दुकानदार बदलून देतोय, पण लॅपटॉप यायला पंधरा दिवस. तोवर आत्या सांगते, मी काचेवर टाइप करतो, चुकलो की पुन्हा पहिल्यापासून... आणि हो, कुणी विचारलंच तर सांगा, पैज मी जिंकलोय!