मुद्दाम हरायचो, ते कुणाशी?

तुम्हीच सांगा, यात माझं कुठं चुकलं?

माझी नात मीना डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीला लातूरला गेली. जाताना माझ्या मोबाईलवर 'गो' नावाचा फुकटचा खेळ टाकून गेली. पाटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीनं ठेवायच्या आणि जास्त जागा घेरायची. "आबा, लांबून बी आपल्याला संगं खेळता येतंय," म्हणाली.

मी इथं लोहा गावात बसून रोज खेळायचो. पोरगी अभ्यासानं दमत असेल, तेवढंच जिंकून खूश होईल म्हणून मुद्दाम हरायचो. पण मी भर क्लासच्या वेळेला सोंगटी ठेवली तरी तिची लगेच यायची. मला धास्तीच बसली, ही शिकते कधी? शेवटी फोन केला.

"माय, अभ्यास सोडून दिवसभर खेळून राहिलीस का?"

"मी? इथं आल्यापास्नं मी तो खेळ उघडलाच न्हाई, आबा."

"मग माझ्यासंगं कोण खेळून राहिलंय?"

"मशीन हाय ते! तुम्ही भलतंच बटण दाबून राहिलात."

"अन् मी महिनाभर मुद्दाम हरून त्याला खूश करून राहिलो?"

ती हसली. बरोबर बटण तिनंच सांगितलं. आता तिची सोंगटी यायला दोन-दोन दिवस लागतात, तेव्हा जिवाला बरं वाटतं.

पण काल बघतो, तर तीच मुद्दाम हरून राहिलीय. आता आमच्यात जिंकायचं कुणी?