पंखे मागितले, प्राणायाम मिळाला

प्राणायामाशी माझं भांडण नाही, मी स्वतः रोज सकाळी करतो. पण हे ऐका. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कामगारांनी धूळ बाहेर फेकणारे पंखे मागितले. मालकाने प्राणायामाचं शिबिर ठेवलं आणि वर बातमीसाठी मला बोलावलं!

शिबिर मागांच्याच शेडमध्ये होतं. तेवढ्यापुरते माग बंद केले, तरी सुताची धूळ हवेत तरंगतच होती. योगशिक्षक म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या. ताणाचं हार्मोन उतरतं, प्रतिकारशक्ती वाढते. काका, नाकावरचं ते फडकं काढा बघू."

काका म्हणजे नरसय्या, तीस वर्षं मागावर उभा असलेला माणूस. तो म्हणाला, "सर, आदी तुमी घेऊन दाखवा की."

सरांनी दाखवला. तिसऱ्याच श्वासाला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. मालक ओरडले, "अरे, सरांना बाहेर मोकळ्या हवेत न्या!"

"मालक, आमाला बी न्या की," नरसय्या म्हणाला.

"तुम्हाला कशाला? तुमची प्रतिकारशक्ती चांगली आहे."

नरसय्याने फडकं पुन्हा नाकावर बांधलं. "व्हय? मग शिबिर कुणासाठी ठेवलंय?"