गिअरचं तेल आणि आईचं पहिलं ड्रायव्हिंग

ऑटोमॅटिक गाडी चालवायला सोपी असते का, ते आमच्या आईला विचारा. तेव्हा आमच्या कसबा बावड्यात तशी गाडी एकच, आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची. एका रविवारी अण्णांनी दारातच गिअरचं तेल बदललं. आता इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, दांडा सगळ्या गिअरमधनं फिरवायचा आणि मग तेल किती भरलंय ते बघायचं. त्यासाठी त्यांनी आईला सीटवर बसवलं आणि स्वतः बॉनेट उघडून समोर उभे राहिले.

"ब्रेकवरचा पाय काढू नगंस, बास."

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "वैनी, कुठं निघालाय?"

आईनं दांडा नुकताच पुढच्या गिअरमध्ये टाकला होता; ती सांगायला वळली, ब्रेकवरचा पाय सुटला आणि ऑटोमॅटिक गाडी ॲक्सिलरेटर न दाबताच हळूहळू निघाली. अण्णा उलटे चालायला लागले.

"अगं, ब्रेक दाब."

"तुम्ही कुठं हायसा? मला नुसतं बॉनेट दिसतंय."

"म्होरंच हाय."

"मग बाजूला व्हा की."

अण्णा बाजूला झाले. गाडी फाटकातनं बाहेर पडून समोरच्या बांधकामाच्या वाळूत अलगद रुतली. अण्णा धापा टाकत पोचले, तर आईनं काच खाली केली. तिला हसू आवरत नव्हतं.

"एवढंच असतंय व्हय? आणि वीस वर्सं मला जमायचं न्हाय म्हणत होता. आता मागं कसं घ्यायचं, तेवढं सांगा."