टेबलाच्या पलीकडून

व्हर्ना: ...तर तेव्हाच मी तुला बजावलं होतं, डार्सी. याच टेबलाशी बसून. तिर्झा पोटात होती तुझ्या. म्हटलं, पोरी, चारापर्यंत आई मुलांना बघते, त्यापुढे नुसती मोजते.

डार्सी: आणि मी काय म्हटलं तेही सांगून टाका. तुम्हाला पाठच असेल.

व्हर्ना: तू म्हणालीस, “आई, काळजी करू नका, मी कॉलेजात बालमानसशास्त्र शिकलेय.”

डार्सी: हो, आणि मग म्हणाले, चाकू बोटाकडे धरू नका. तेव्हाही तुम्ही सफरचंदं अशीच सोलत होतात. बघा, आता कापून घ्याल.

व्हर्ना: चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय मी. तीस-तीस पोरांच्या हातात कात्र्या देऊन सगळ्यांची बोटं शाबूत घरी पाठवलीत. मला चाकू शिकवू नकोस, आणि विषयही बदलू नकोस. रविवारी चर्चमध्ये झालं ते झालं की नाही?

डार्सी: झालं. अख्ख्या खोऱ्याला कळलंय. काल पोस्टातल्या बाईनं तिकिटं देता देता मला अक्षरओळखीचं पुस्तक सुचवलं. फार चांगलं आहे म्हणे, कुत्र्याचं चित्र आहे मुखपृष्ठावर.

व्हर्ना: सात वर्षांची पोर. बायबल शिकवणाऱ्या बाईंनी पुस्तक हातात दिलं, एक ओळ वाच म्हणाल्या. आणि ही उभी, खांबासारखी. मग रडायला लागली. मी मागच्या बाकावर होते, मला दिसत होतं सगळं.

डार्सी: मीही होते, आई. मांडीवर दोघं होती, पण डोळे जागेवर होते माझे. घरी आल्याबरोबर सगळ्या मुलांना ओळीनं उभं केलं. विचारलं, तिर्झाला वाचायला कोण शिकवतं? लिडिया म्हणाली, मला वाटलं सायलस. सायलस म्हणाला, मला वाटलं फीबी. फीबी म्हणाली, मला वाटलं मम्मा.

व्हर्ना: आणि मम्माला काय वाटलं?

डार्सी: मम्माला वाटलं, लिडिया. लिडियाच करते ना सगळं. थोरली आहे.

व्हर्ना: अगं, पण शाळेत न घालता घरीच शिकवतेस, त्याची ती तासांची वही आहे ना? सरकारला दाखवायची?

डार्सी: आहे तर. रोजच्या रोज भरलेली. “तिर्झा, वाचन, अर्धा तास.” तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत.

व्हर्ना: आणि त्या अर्ध्या तासात पोर काय करत होती?

डार्सी: धाकट्या ओपलला सांभाळत होती. त्याआधी जूडाला.

व्हर्ना: म्हणजे बालसंगोपन. तेही लिहून टाकायचं. मागच्या वर्षी मी वाचली होती ती वही. कोंबड्यांची अंडी गोळा करणं म्हणजे गणित, शेळी व्याली ते विज्ञान. आणि बोकडानं सायलसला धडक देऊन कुंपणात टाकलं, ते कशात धरलंस?

डार्सी: भौतिकशास्त्रात. हसू नका. वर्षाला हजार तास भरावे लागतात इथे, आणि धडक खरोखरच चांगली होती. त्याला वेगाचा अर्थ कळला.

व्हर्ना: मी हसत नाहीये. मी तुझ्या नवऱ्याशी, वेडशी बोलले. म्हटलं, तुझ्या मुलीला सोमवारपासून गावच्या शाळेत घालते. बस तुमच्या फाटकावरूनच जाते.

डार्सी: काय म्हणाला तो?

व्हर्ना: म्हणाला, डार्सी म्हणेल तसं.

डार्सी: मला म्हणाला, आई म्हणेल तसं. आणि गेला ट्रक घेऊन लाकडाच्या वखारीत. तुमचा मुलगा आहे, तुम्हीच बघा. ... आई, एक सांगू? एकीला जरी त्या बसमध्ये बसवलं ना, तरी बारा वर्षं मी इथं जे काही केलं ते खोटं ठरतं. माझी आई आधीच म्हणते, पदवी घेऊन शेण काढतेस.

व्हर्ना: तुझं खरंखोटं काय असेल ते असो. पोरीला वाचता येत नाही.

डार्सी: मग परीक्षा घ्या. आत्ता, इथं. तुम्ही पहिलीचं पुस्तक घेऊनच आला असाल, त्याशिवाय का ती पिशवी एवढी फुगलीय? एक पान वाचलं तर ती घरी राहील. नाही वाचलं, तर सोमवारी मी स्वतः तिचा हात धरून बसमध्ये बसवीन. झालं समाधान?

व्हर्ना: झालं. बोलाव तिला.

डार्सी: थांबा, पाऊण तास झाला, पोरांची मोजणी घेते. खिडकी जरा सरकवा. मोजणीऽऽ!

बाहेरून: एक! दोन! तीन! चार! पाच! सहा! सात!

व्हर्ना: सात कोण म्हणालं? ओपलला अजून बोलता येत नाही.

डार्सी: लिडिया. ओपल तिच्या कडेवर असते, म्हणून तिचा आकडाही तीच म्हणते.

व्हर्ना: म्हणजे एकही तीच, आणि सातही तीच.

डार्सी: सोयीचं पडतं. तिर्झाऽ, आत ये गं, हात धुऊन ये! ... लिडियाचं खरंच कौतुक वाटतं मला. तिला काही सांगावं लागत नाही. आता बघा, रोज पावणेचारला आपणहून फाटकापर्यंत जाते, टपाल आणायला.

व्हर्ना: टपाल तुमच्याकडे अकराला येतं.

डार्सी: सकाळी कामं असतात ना तिला. म्हणून दुपारी जात असेल.

तिर्झा: आजी, मी हात धुतले. पण शेळीच्या दुधाचा वास जात नाही.

व्हर्ना: राहू दे. मला आवडतो. ये, बस इथं माझ्यासमोर. हे पुस्तक धर. घाबरायचं नाही. वरची ओळ वाच बघू.



डार्सी: वाच ना, बाळा. येईल तेवढं.

तिर्झा: मम्मा, मला हे येत नाही.

व्हर्ना: एखादा शब्द? हा छोटासा? बरं, एखादं अक्षर?

तिर्झा: मी पुस्तक फिरवू का? रविवारी मी फिरवायला गेले तर आपला मायका हसला. मग सगळेच हसले.

व्हर्ना: फिरवू म्हणजे? ... थांब. थांब जरा. तिर्झा, घरचा अभ्यास चालतो तेव्हा तू कुठं बसतेस?

तिर्झा: इथंच. टेबलाच्या या बाजूला, ओपलला घेऊन. लिडिया आणि मायका त्या बाजूला बसतात. पुस्तक त्यांच्यापुढे असतं. लिडिया बोट ठेवून ठेवून मायकाला वाचायला शिकवते.

व्हर्ना: आणि तू?

तिर्झा: मी बोटाकडे बघते.

(व्हर्ना पुस्तक उलटं फिरवून तिच्यापुढे ठेवते.)

तिर्झा: “लाल कोल्हा टेकडीवर चढला. टेकडीच्या माथ्यावर त्याला एक म्हातारी भेटली. म्हातारीच्या टोपलीत बारा अंडी होती, पण कोल्ह्याला ती मोजता येत नव्हती...” आजी, पुढचं पानही वाचू?

व्हर्ना: चौतीस वर्षं! चौतीस वर्षांत मी असलं काही पाहिलं नाही!

डार्सी: वाचते! आई, ऐकलंत ना? अडखळलीसुद्धा नाही! पहिलीचं कसलं, तिसरीच्या वरचं वाचते ही! काय म्हणत होतात, चारापुढे आई नुसती मोजते? माझी पोर कुणी न शिकवता शिकली, तेही उलटं! घाला आता सोमवारी शाळेत!

व्हर्ना: उलटं वाचते, डार्सी. कधीतरी सुलटं करावं लागेल.

डार्सी: महिन्याभरात करते. नाहीतर सगळ्या घराला उलटं वाचायला लावते! बघा, मी म्हणत होते ना, इथं हवेतच शिक्षण आहे. तिर्झा, आणखी वाच गं. जे दिसेल ते. आजीला ऐकव.

तिर्झा: आजीच्या चष्म्याच्या डबीवर लिहिलंय, “हरवल्यास परत करा.” बरणीच्या झाकणावर, “घट्ट फिरवा.” आणि आजीच्या पिशवीतून तो कागद बाहेर आलाय ना, त्याच्यावर...

व्हर्ना: तिर्झा, बस झालं आता. शाबास. जा, खेळ.

डार्सी: बस का? वाचू द्या की. रविवारी सगळ्यांसमोर रडली, आज वाचू दे भरपूर. वाच, बाळा.

तिर्झा: “शाळा प्रवेश अर्ज.”

डार्सी: अस्सं! म्हणजे अर्ज भरूनच आणला होतात? परीक्षेच्या आधीच निकाल! आई, तुम्हाला जरा तरी...

तिर्झा: “विद्यार्थ्याचं नाव: लिडिया रूथ हॅडली.”

डार्सी: काय वाचलंस?

तिर्झा: लिडिया रूथ हॅडली. वय बारा. लिडियानंच लिहिलंय, मम्मा. तिचं अक्षर आहे. मला तिचं अक्षर सगळ्यात सोपं जातं.

व्हर्ना: डार्सी, मी सांगणार होते.

डार्सी: कागद बाहेर काढ आणि वाच पुढे.

तिर्झा: पत्ता आपलाच आहे. मग, “विद्यार्थ्याबद्दल आणखी काही सांगायचं आहे का?” तिथं तिनं बारीक अक्षरात लिहिलंय. “मला सहा जणांचा अभ्यास येतो. माझा स्वतःचा मागे राहिलाय, पण मी लवकर भरून काढीन. मी त्रास देणार नाही.” मग खाली, “आईची सही.” तिथं काही नाही.

(डार्सी कागद हातात घेते.)

तिर्झा: मी चुकीचं वाचलं का?

व्हर्ना: नाही गं राणी. सगळं बरोबर वाचलंस.

डार्सी: कधी आलं हे तुमच्याकडे?

व्हर्ना: ऑगस्टात. कोरा अर्ज तिनं माझ्याकडूनच मागून घेतला होता, शेजारच्या मुलीला हवाय म्हणून. मी दिला. आठवड्यानं टपालानं परत आला, भरलेला. सोबत चिठ्ठी होती, “आजी, मम्माला वेळ असेल तेव्हा दे.”

डार्सी: आता ऑक्टोबर आहे.

व्हर्ना: तुला वेळ कधी असतो? ... नाही, ते खरं नाही. मलाच धीर झाला नाही. चौतीस वर्षं लोकांच्या आयांना समोर बसवून सांगत आले, तुमच्या मुलाचं असं असं आहे म्हणून. सुनेला सांगायची वेळ आली तर जीभ उचलेना. रविवारी हिचं तसं झालं, तेव्हा वाटलं, बरं झालं, हिचं निमित्त करून बोलता येईल. हिचा अर्ज काढता काढता तोही काढीन.

डार्सी: आणि हिनं सगळं वाचूनच दाखवलं.

व्हर्ना: तुझ्याच शाळेत शिकलीय ना.

डार्सी: पण ती कधी बोलली का नाही मला? फीबी आदळआपट करते. सायलस रुसला की कोठारात जाऊन बसतो. जूडानं परवा सगळ्यांचे बूट विहिरीत टाकले. मला प्रत्येकाची काळजी लागलेली असते, आई, प्रत्येकाची. रात्री उठून एकेकाचा श्वास ऐकते मी. तुम्ही हसता मला, पण ऐकते. एक लिडियाचीच काय ती मला कधी काळजी वाटली नाही.

व्हर्ना: तिचाही श्वास ऐकतेस?

डार्सी: नाही. ती जागीच असते. ओपलला थोपटत. बोला ना. म्हणा, मी बजावलं होतं.

व्हर्ना: काय म्हणू? मीही आल्या आल्या तिलाच सांगितलं, सफरचंदं भरायला बरण्या धुऊन आण. ती बघ, चोवीस बरण्या. एक डाग शोधून सापडायचा नाही.

डार्सी: तिर्झा, किती वाजले?

तिर्झा: पावणेचार.

डार्सी: मोजणीऽऽ!

बाहेरून: दोन! तीन! चार!

तिर्झा: पाच. मी इथंच आहे.

बाहेरून: सहा!

व्हर्ना: सातही नाही.

डार्सी: एक नाही तर सात कसं असेल?

तिर्झा: ती फाटकापाशी गेली असेल, मम्मा. बस बघायला. ती रोज बघते. बसमधली मुलं हात करतात, ही पण करते. ओपललाही तिनं हात हलवायला शिकवलंय.

डार्सी: आणि मी वहीत लिहीत होते, “लिडिया, टपाल आणणे, पाव तास.”

व्हर्ना: कोणत्या विषयात धरलंस?

डार्सी: जबाबदारी. ... आई, पातेलं उकळतंय, बरण्या आत आहेत, मला हलता येत नाही. आणि खरं सांगू, यायलाच नको मी. मला येताना बघितलं की ती धावत येईल आणि विचारील, मम्मा, काय करू? तुम्ही जा. पेन तेवढं इथं अर्जापाशी ठेवून जा. ओपलला तिच्या कडेवरून घ्या. आणि कामबिम काही सांगू नका तिला. बरी आहे ना ती, एवढंच बघून या.